पालक म्हणून कोणाचं नाव

९ जून
शाळा सुरू झाली. मुक्ता सहावीत. युनिफॉर्मचा स्कर्ट कमरेत सैल आणि लांबीला तोकडा, म्हणजे उसवा आणि परत शिवा.
शाळेनं दरवर्षीसारखा माहितीचा फॉर्म दिला. वडील: कै. शेखर. इथे हात अजून अडतो. शेखर माझा धाकटा भाऊ, त्याच्या नावामागे 'कै.' मी लिहायचं. आईच्या रकान्यात मी रेघ मारते. पालक म्हणून माझं नाव, नातं आत्या. यंदा नव्या आलेल्या बाई म्हणाल्या, "तुमच्याकडे पालक असल्याचा काही कागद आहे का?"
नाही. गोवर, दात, उवा, पाढे, सगळं केलंय. कागद नाही.

१२ जून
कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसणाऱ्या हंसाबेननं सांगितलं. बाप वारलेला, आई दुसरं लग्न करून गेलेली, मूल नातेवाइकाकडे, अशांसाठी गुजरात सरकारची योजना आहे. दर महिन्याला पैसे येतात. खातं मुलाचं आणि पालकाचं जोडीनं. मंजुरीच्या हुकमावर पालक म्हणून आपलं नाव छापून येतं.
हंसाबेनला पैशांचं अप्रूप. मला त्या छापलेल्या नावाचं. (पैशांचंही आहे, उगाच साधूपणा नको. मकरपुऱ्याच्या कारखान्यात डिस्पॅचचा ओव्हरटाइम बंद केलाय.)
घरी आईला सांगितलं. म्हणाली, "कशाला सरकारच्या नादी लागतेस, नंदू." आणि कुकर लावायला उठली. नवल आहे. फुकटच्या कॅलेंडरसाठी रावपुऱ्यातली सगळी दुकानं पालथी घालणारी बाई.

१७ जून
अर्धा दिवस रजा. योजनेच्या कचेरीत गेले. खिडकीवरच्या बेन बऱ्या निघाल्या. "तमे बाळकना शुं थाओ?" मुलाची मी कोण, असं विचारत होत्या. फोई म्हटलं, आत्या. "तो पालक तमे ज. हक तमारो ज."
हक्क तुमचाच. इतक्या वर्षांत हे कोणी म्हणालं नव्हतं. कचेरीतल्या अनोळखी बाईनं म्हणावं. बाहेर येऊन टपरीवर उभ्यानं चहा प्यायले, डोळे पुसले, परत बस पकडली.
कागद: शेखरचा मृत्यूचा दाखला, मु.चा जन्माचा, शाळेचा, आणि तिच्या आईनं पुनर्लग्न केल्याचा पुरावा. घोडं इथे अडतं.
मु.च्या जन्मदाखल्यात आईचं नाव शर्वरी. सुरतेला दुसरं लग्न नोंदलं गेलं ते वैशाली या माहेरच्या नावानं. आणि त्या सासरी तिला रेवती म्हणतात असं ऐकलं. शर्वरी हे नाव आमचं. लग्नात ताटात तांदूळ पसरून शेखरनं अंगठीनं लिहिलेलं. माझ्या आईनं काढलं होतं, शेखरला शर्वरी शोभते म्हणून. पोरीचं चांगलं वीस-बावीस वर्षं वापरलेलं नाव एका मिनिटात पुसायची हौस आपल्या लोकांना. त्या दिवशी टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते. आता एका बाईच्या तीन बायका झाल्यात, आणि सरकारला पटेल असा एकही धागा मधे नाही.

२० जून
हंसाबेन म्हणते, तिलाच लिहून द्यायला सांग, शर्वरी ती वैशाली ती रेवती असं. सांग म्हणे. कुठल्या तोंडानं? शेखर गेल्यावर दीड वर्षानं "आठवड्यानं येते, ताई" म्हणून गेली ती गेली. मु. पाच वर्षांची होती. दाराचा आवाज झाला की धावत जायची. पुढे थांबली.
फोन नाही, पत्र नाही, वाढदिवसाला एक फ्रॉक नाही. मी मु.पाशी तिच्याबद्दल वाईट बोलत नाही. बोलतच नाही. मु.ही विचारत नाही. शहाणी पोर आहे.

२५ जून
कचेरी, दुसऱ्यांदा. बेननी शर्वरीचा आधार नंबर घालून बघितलं (जुनी झेरॉक्स होती) आणि चष्मा काढला. "आमां तो विधवा सहाय चालू बतावे छे."
म्हणजे शर्वरी सरकारदरबारी अजून विधवा. दर महिन्याला तिच्या खात्यात विधवेची मदत जमा होते. दर जुलैत ती स्वतः येते, पुन्हा लग्न केलेलं नाही असं लिहून देते, सही करते. इथे. बडोद्यात.
आई विधवा असेल तर मूल या योजनेत बसत नाही. माझा हक्क नाही. आणि तिनं लग्न केलंय हे मी सिद्ध केलं तर ती मदत बंद, वर आजवरची वसुली होऊ शकते. बेन हळू आवाजात म्हणाल्या, "विचारी लेजो, बेन. घरनी वात छे."
विचार करा म्हणे. घरचीच गोष्ट आहे. घरात मलाच माहीत नाही.

२५ जून, संध्याकाळ
आईला सरळ विचारलं. आधी म्हणाली कान दुखतोय. मग देवाखालच्या खणातून एटीएमचं कार्ड काढून माझ्यापुढे ठेवलं. शर्वरीचं. जाताना आईकडे देऊन गेली होती, "मुक्तासाठी" म्हणून.
मला वाटायचं मु.चे बूट, सहल, दातांची तार हे आई स्वतःच्या साठवणीतून करते. मी कौतुकानं सांगायचे चार लोकांना.
"आई, हे खोटं आहे. तिनं लग्न केलंय."
"शर्वरीनं नाही केलं. वैशालीनं केलं."
मला वाटलं चेष्टा करते. नाही. अगदी मनापासून. "शर्वरी आपल्या घरची. आपण नाव दिलं. ती शेखरची बायको. तो गेला, ती विधवा. यात खोटं काय? सुरतेला कोण कुठली वैशाली गेली तिचं मला काय."
मी पोळ्या लाटत होते. लाटणं टाकून गच्चीवर गेले. इतका राग आला की रडूही आलं नाही.

२७ जून
आणखी आहे. मु.ला वेणी घालताना मी नुसतं म्हटलं, आता जुलै येईल. पोरीनं आरशातून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "तुला आजीनं सांगितलं?"
दर जुलैत एक दिवस मु. शाळेत जात नाही. पोट दुखतंय अशी चिठ्ठी आजी देते. सुरतेहून हिची आई येते. आजी, आई आणि ही, तिघी कचेरीत जातात, सही होते, मग शेव-उसळ खातात, मग घरी येऊन दुपारभर आतल्या खोलीत. गाडीची वेळ झाली की जाते. मी तोवर मकरपुऱ्यात खोक्यांवर पत्ते चिकटवत असते.
"मला का नाही सांगितलंस?"
"तू रागावली असतीस."
"म्हणून काय झालं असतं?"
"मग ती आली नसती."
वेणी घट्ट ओढली गेली माझ्याकडून. तिनं मान ताठ धरली.
शहाणी पोर म्हणे. माझ्यापासून लपवण्यात शहाणी. कोणी शिकवलं? तिघींनी मिळून माझ्याच घरात मला बाहेर बसवलं.

२९ जून
आईकडून शर्वरीचा नंबर घेतला. फोन लावला. "ताई?" म्हणाली. टीव्ही चालू होता मागे. तो बंद झाला, मग बोलली.
तिथे नवऱ्याला माहीत आहे मुलगी आहे ते. सासूला नाही. त्याची अट: वर्षातून एकदा, सरकारी कामापुरतं. सही करावीच लागते म्हणून तो सोडतो. "काम नसलं तर कशाच्या नावानं निघू, ताई?"
म्हटलं, पोटच्या पोरीसाठी नाव लागतं का?
"तुम्हाला नाही लागत. तुम्ही तिच्याजवळ आहात."
मी आणखी संतापले. बोलले बरंच. पळपुटी म्हणाले, लोभी म्हणाले. लोभी खोटं आहे, त्यातला पैसाही ती घेत नाही, हे बोलतानाच कळत होतं. तिनं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "सात तारखेला येते. तुम्ही म्हणाल त्या कागदावर सही करते. वसुली निघाली तर भरेन कशीतरी. मग मात्र पुन्हा यायला जमणार नाही."
किती शहाणपणाचं. म्हणजे पाप माझ्या माथी.

१ जुलै
मु. दोन दिवस माझ्याशी जपून बोलतेय, पाहुण्यांशी बोलतात तसं. "आत्या, पाणी देऊ का?" नको मला पाणी.
आज विचारलं तिनं, "त्या कागदावर तुझं नाव नसलं तर तू माझी आत्या नसशील का?"
असेन की.
"मग?"
मोठी माणसं बोलतात तशा आवाजात म्हटलं, तुला नाही कळायचं. पण मलाच धड सांगता येत नव्हतं. उद्या ही आजारी पडली आणि दवाखान्यात सही करायला आई कुठे म्हणाले तर? सुरतेचा तो माणूस उठला आणि पोरगी आमची म्हणाला तर? मी कोण? घरातली जुनी मोलकरीण आणि मी, कागदावर सारखीच. हे तिला सांगू? दहा-अकरा वर्षांच्या पोरीला?
आणि खरं आणखी एक आहे. मला तिची आई व्हायचं होतं. वाटलं होतं, जागा रिकामी आहे.

३ जुलै
कोर्टाजवळच्या टायपिस्टकडून सोगंदनामा, म्हणजे प्रतिज्ञापत्र, करून आणला. 'शर्वरी उर्फ वैशाली उर्फ रेवती ही एकच व्यक्ती असून तिने पुनर्विवाह केला आहे व तिच्या मुलीचा सांभाळ मुलीची आत्या करते.' वाचून ऊर भरून आला. पहिल्यांदा खरं ते खरं लिहिलेलं.
आईनं न वाचता बाजूला सारला. "मला तुरुंगात घालणार का?" कोणी घालत नाही म्हटलं. "शेखरची शर्वरी तेवढी राहू दे गं. तेवढंच उरलंय त्याचं." मग जेवली नाही. मीही नाही. मु. एकटीच ताटावर बसून दोघींकडे बघत होती.

५ जुलै
आईनं शाळेसाठी पोटदुखीची चिठ्ठी लिहून ठेवली. मी फाडली. दुसरी लिहिली: घरगुती कामासाठी रजा. खाली सही, पालक म्हणून माझी. शाळेला चालते तेवढ्यापुरती.

७ जुलै, कचेरीतला बाक
खिडकी जेवणासाठी बंद. पर्समध्ये वही होती म्हणून लिहितेय. आई आली नाही, गुडघे धरले म्हणाली.
ती सुरतेहून सकाळच्या गाडीनं आली. वाळलीय. कपाळाला टिकली, गळ्यात मंगळसूत्र. कचेरीच्या जिन्यात मु.नं सवयीनं हात पुढे केला, तिनं दोन्ही काढून मु.च्या हातात दिली, मु.नं रुमालात बांधून दप्तरात ठेवली. दोघींना एकमेकींना काही सांगावंही लागलं नाही. असलं काम शिकवलंय पोरीला.
बेननी मला ओळखलं, तिच्याकडे बघितलं, मु.कडे बघितलं. "तो कयुं फॉर्म आपुं? विधवानुं के पालकनुं?" विधवेचा देऊ की पालकाचा, विचारत होत्या. आम्ही तिघी खिडकीशी नुसत्या उभ्या. बेन म्हणाल्या, जेवून येते, तोवर ठरवा. आणि दोन्ही फॉर्म माझ्या हातात दिले.
बाकावर डबा उघडला. मु.नं पहिला घास तिला भरवला. डबा पहाटे उठून मी केला होता. मेथीचे थेपले, मु.ला आवडतात तसे, तिखट कमी. ती खाता खाता म्हणाली, "ताई, छान झालेत." रडत होती की तिखट लागलं कोण जाणे.
मु. तिच्या मांडीवर डोकं टेकून पडलीय. एवढी मोठी मुलगी, पाय बाकाबाहेर. ती तिचे केस मोकळे करून परत वेणी घालतेय. मी सकाळी घातलेली सोडून. मला वाईट वाटायला हवं तेवढं वाटतंय, आणि त्यावर आणखी एक गोष्ट, की मु.चा असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. इतकी वर्षं सांभाळून पाहिला नव्हता.
तो टायपिस्टचा कागद पर्समध्येच आहे. त्यावर सही घेतली तर मु. माझी, कायद्यानं. आणि आजची ही दुपार शेवटची.
खिडकी उघडली. बेन हातानं बोलावताहेत. दोन्ही फॉर्म घेऊन मी उठले तशी तीही उठायला लागली, तर मु.नं तिचा पदर धरून ठेवला.
"आत्या, तू जा. आम्ही इथेच बसतो."