फोटोखालच्या दोन ओळी

२५ ऑगस्ट २०१५, मंगळवार
दिवाळी अंकाच्या लेखाला तीन आठवडे उरले. विषय मीच सुचवलेला: युद्धकाळातली जर्मन सचित्र नियतकालिकं. पुण्यात शिकलेलं जर्मन एकदाचं कामी येतंय. संपादकांचा फोन. "मजकूर थोडा कमी चालेल ताई, पण चित्र हवं. सचित्र अंकांवरचा लेख आणि चित्रच नाही?" बरोबर आहे. पण आणू कुठून? लायब्ररीतल्या पुस्तकांतलं छापता येत नाही.

रात्री जेवताना मिलिंद म्हणाला, थॉमसच्या हॉलमध्ये असलं एक पान फ्रेम करून लावलंय. थॉमस म्हणजे जुरोंग आयलंडवरच्या कारखान्यातला त्याचा जर्मन बॉस. "विचारतो. पण जपून बोल हं. इथे राहायच्या आपल्या वर्क पासच्या रिन्यूअलला त्याची सही लागते."

२९ ऑगस्ट, शनिवार
बुकित तिमाह. थॉमसचा काँडो, आमचा चोआ चू कांगचा फ्लॅट दोनदा मावेल एवढा.

पान खरोखर सुंदर. त्या काळात असे रंग! स्वयंपाकघराचं टेबल, वाडगाभर संत्री, गणवेशातला माणूस, त्याच्या मांडीवर पाचेक वर्षांची मुलगी, मागे आई. तिघंही हसतायत. खाली छापलंय: 'रजेवर आलेले वडील. घर त्यांचीच वाट पाहत होतं.'

ती मुलगी म्हणजे थॉमसची आई, इल्झे. आता ऐंशीला टेकल्यात, मुलाकडे राहतात. थॉमस म्हणाला, आजोबांचा हा एकच फोटो. ते रशियातून परत आलेच नाहीत. सांगताना फ्रेमची काच रुमालाने पुसत होता. स्कॅन आजच पाठवतो म्हणाला.

निघताना आजींना म्हटलं, "तुम्ही अगदी वडिलांवर गेलात. नाक, कपाळ, सगळं." आपल्याकडे म्हणतातच की. आजी इतक्या हसल्या की ठसका लागला. थॉमस पाणी आणायला आत गेला. तेवढ्यात माझं मनगट धरून म्हणाल्या, "मंगळवारी या. तो ऑफिसात असतो."

१ सप्टेंबर, मंगळवार
तो माणूस वडील नाही.

आजींनी सांगितलं ते आठवेल तसं लिहून ठेवते. वडील तेव्हा आघाडीवर. मासिकाचा फोटोग्राफर आला तो गणवेश घातलेला माणूस सोबत घेऊनच. आईला नवा एप्रन दिला. "त्या माणसाच्या तोंडाला कांद्याचा वास येत होता. हस म्हणाले, हसले. संत्री नंतर पेटीत भरून परत नेली. एक सोललं होतं, तेही."

आणि आई?

"आई मनापासून हसली. तिला वाटलं, फोटो छापून आला की त्यांना खरंच रजा द्यावी लागेल."

थॉमसला का नाही सांगितलं? लहान असताना त्याला ते पान ट्रंकेत सापडलं. हे आजोबा का, असं विचारलं. बाकीचे फोटो बॉम्बहल्ल्यात घराबरोबर गेलेले. आजी हो म्हणाल्या. पुढे त्याने फ्रेम केली. प्रत्येक घर बदलताना ती विमानात हातात घेऊन जातो.

मग म्हणाल्या, "तुमच्या अंकात खरं छापा."

"आणि थॉमस?"

"त्याला मराठी येतं का? खोटं छापलेलं मी जन्मभर भिंतीवर पाहिलंय. खरं एकदा छापलेलं पाहू दे. कुठल्याही लिपीत."

३ सप्टेंबर, गुरुवार
मिलिंद अस्वस्थ. "फोटोच टाकू नकोस."

"मग लेख नाही."

"मग जुनीच ओळ भाषांतर करून टाक. अवतरणचिन्हात. त्यांचंच वाक्य, तुझी जबाबदारी नाही."

पाच मिनिटं पटलं. मग नाही. माणूस आधी चित्र बघतो, खालची ओळ वाचतो आणि पान उलटतो. अवतरणचिन्हं कोण बघतं? पेपरात इतकी वर्षं फोटोओळी लिहिल्या त्या काय उगाच. या लेखासाठी केवढे अंक चाळले. पोहणारे सैनिक, नट्या, जाहिराती. मेलेला जर्मन सैनिक मला एकाही पानावर दिसला नाही. ती ओळ माझ्या हातून दुसऱ्यांदा छापली जाणार नाही. ठरलं.

इरा होमवर्कमधून मान वर करून, इथल्या शाळेतल्या इंग्रजीत: "आई, जस्ट टेल द अंकल लाह."

बारा वर्षांच्या माणसाला सगळं सोपं असतं. पण बरोबर तीच आहे.

८ सप्टेंबर, मंगळवार
आजींना स्पष्ट सांगितलं. थॉमसच्या पाठीमागे छापणार नाही. स्कॅन त्याने विश्वासाने दिलाय.

फार रागावल्या. "मग तुम्हीही त्यांच्यासारख्याच. सगळं छान छान हवं."

लागलं. चहा न घेता निघाले.

१५ सप्टेंबर, मंगळवार
मुदत पाळली. मजकूर गेला. फोटोची जागा रिकामी.

संपादक: "फोटो?"

"शुक्रवारपर्यंत सांगते."

"फोटोशिवाय हा लेख जाणार नाही, ताई." आवाज गोड, अर्थ पक्का. मीही त्यांच्या जागी हेच म्हटलं असतं.

१७ सप्टेंबर, गुरुवार
गणपती बसले. हेझच्या धुरामुळे खिडक्या बंद, मोदकांची वाफ घरातच कोंडलेली. आरतीनंतर फोन. आजी. स्वतःहून!

"माझ्या तोंडून शब्द निघत नाही. इतकी वर्षं निघाला नाही. छापलेलं असेल तर त्याच्या शेजारी बसून ऐकेन."

म्हटलं, अंक छपाईला जायच्या आधी प्रूफ येतं. ते थॉमससमोर वाचू. तो नको म्हणाला तर फोटो नाही, लेखही नाही. चालेल?

"प्रूफ म्हणजे छापलेलंच ना?"

"कच्चं."

"चालेल."

फोटो आणि ओळ लगेच पुण्याला पाठवली. सोबत ताकीद: मी होकार दिल्याशिवाय छापायचं नाही.

२६ सप्टेंबर, शनिवार
प्रूफ आलं. संपादकांचा फोनही. "ही ओळ जरा... दिवाळीचा अंक आहे हो. काहीतरी मंगल?"

"ओळ हीच. नाहीतर काहीच नको."

"सोमवारी सकाळी छपाईला जातोय. त्याआधी काय ते कळवा."

ओळ बसलीय नेमकी दोन ओळींत: 'इल्झे, वय पाच, आणि तिची आई. मांडीवर घेणारा माणूस कोण, ते त्यांना माहीत नाही. वडील आघाडीवर होते.'

एक शब्दही हलवणार नाही.

२७ सप्टेंबर, रविवार
चारला बोलावलंय. थॉमसने केक आणलाय, त्याला वाटतंय आजोबांचा सत्कार आहे. सकाळी आजींचा फोन.

विचारलं, "जर्मनमधून वाचू ना?"

मग म्हणाल्या, "नाही. मराठीतून. मोठ्याने. तो विचारेल, आई, काय लिहिलंय? तेव्हा मी सांगेन."

"नक्की?"

"तुम्ही वाचा हो."

मिलिंद शर्टाला इस्त्री करतोय. येतो म्हणाला, मी सांगितलं नव्हतं.

प्रूफ फोल्डरमध्ये घातलं. जर्मन भाषांतर काल करून ठेवलं होतं, सुवाच्य अक्षरात. ते टेबलावरच ठेवून निघतेय.