तुझा पाहुणा आणि माझी निळी पिशवी

तैपेई, शनिवार

ती. ताईस,

धाकट्या आ-छ्वानचा लांबूनच वाकून नमस्कार. तुझे गुडघे काओशुंगच्या उन्हात बरे शेकून निघत असतील आणि भाऊजींच्या फोटोपुढे रोज उदबत्ती लागत असेल, असं धरून चालतो. माझा रक्तदाब ठीक आहे. (म्हणजे परवापर्यंत होता.) तुझ्या नव्या बिल्डिंगमधली खोली माझ्यासाठी रंगवून तयार आहे, तळघरात कचऱ्याची खोली आहे, वाटेल तेव्हा जाऊन टाकावा, गाडीमागे म्हाताऱ्या पायांनी पळायला नको, हे सगळं पोचलं. या महिन्यात काय ते सांग, नाहीतर खोली भाड्याने देते, ही धमकीही पोचली. उत्तर देतोच आहे. पण आधी तू माझ्या गळ्यात मारलेल्या पाहुण्याचं ऐक.

ओसाकाचे हामुरो, भाऊजींचे जुने दोस्त, म्हणून मी आनंदाने ठेवून घेतले. माणूस देवमाणूस. पण भटक्या लोकांसाठी पुस्तिका लिहितात म्हणे, कुठल्या शहरात काय बघून डोळे विस्फारतात याची. (या वयात लोक नातवंडं खेळवतात.) मी आयुष्यभर या शहरात बस चालवली, मला कसली चिंता! उंच मनोऱ्यावर नेलं. वादळात मनोरा डुलू नये म्हणून आत घराएवढा लोखंडी गोळा टांगलाय, तो दाखवला. म्हणाले, "वाचलंय." सिग्नलमधला हिरवा माणूस वेळ संपत आली की कसा धावत सुटतो, ते दाखवलं. म्हणाले, "हो, गोड आहे," जसं काही मी शेजाऱ्याचं पोर दाखवत होतो. मला फार लागलं, ताई. आपल्या शहरात ओसाकाच्या माणसाला चकित करील असं काहीच नाही?

त्या संध्याकाळी कोपऱ्यावर पियानोची धून वाजली. पुढचं तुला ठाऊक आहे. भूकंपाला जे उठत नाहीत ते कचऱ्याच्या गाडीला उठतात. मी पिशवी घेऊन खाली पळालो. हामुरोंच्या देशात हिवाळ्यात भाजलेली रताळी विकणारी गाडी अशीच गात येते, त्यामुळे त्यांनी माझी चांगली बशी उचलली, मुठीत सुट्टे पैसे घेतले आणि सपाता घालून येऊन उभे राहिले. सगळ्यांच्या पुढे! पिवळी गाडी आली, तिने जबडा उघडला, वास आला, तरी बिचारे नम्रपणे बशी पुढे धरून उभेच. ज्वांगबाई हसून हसून कोणाच्या तरी स्कूटरवर बसल्या.

ज्वांगबाई म्हणजे आमच्या समोरच्या. पँटी आखूड करून देतात, नवऱ्याला जाऊन बरीच वर्षं झाली, आणि जीभ त्यांच्या कात्रीइतकीच चालते. (त्यांच्याबद्दल मी तुला कधी लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं.)

दुसऱ्या दिवसापासून हामुरोंनी शहर सोडलं आणि खिडकी धरली. गाडी येण्याआधी तासभर तयार! चहाचा चोथा डुकरांच्या बादलीत टाकल्याबद्दल साऱ्या गल्लीने त्यांची शिकवणी घेतली: कच्चं खताच्या बादलीत, शिजलेलं डुकरांच्या. बुधवारी आणि रविवारी गाडी नाही, हे शिकले. आणि शिकले की दुकानातून विकत घेतलेल्या पालिकेच्या महागड्या निळ्या पिशवीशिवाय गाडी कचरा घेत नाही, म्हणून अख्खं शहर ती पायाने दाबून, ढोलकीसारखी ताणून भरतं. आपल्याकडे अर्धी पिशवी टाकणारा एकतर वेडा, नाहीतर मंत्री.

परवा भर गर्दीत या गृहस्थांनी शिकवणीतल्या स्वच्छ चिनीत, वर्गातल्यासारखा हात वर करून विचारलं, "एक शंका आहे. सगळ्यांच्या पिशव्या फुटायला आल्यात. माझ्या यजमानांच्या, या शूंच्या पिशवीत रोज औषधाचं एक रिकामं पाकीट आणि बाकी हवा. हा कुठला रिवाज?"

साऱ्या गल्लीच्या माना माझ्याकडे वळल्या. आमची गल्ली, ताई! डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय, कचरा ठेवला की घरात मुंग्या होतात, असलं काहीतरी मी पुटपुटलो. ज्वांगबाईंनी माझ्या पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अहो ड्रायव्हरसाहेब, मी तुम्हाला उधळ्या समजत होते हो! म्हणून तर चार हात लांब राहायचे," म्हणाल्या. मग माझ्या पिशवीची गाठ सोडली, स्वतःच्या दिवसभराच्या चिंध्या तिच्यात कोंबल्या, गुडघ्याने दाबल्या आणि गाठ मारली. "एवढी जागा वाया घालवतात का कोणी?" आणि स्वतःची पिशवी घडी करून खिशात!

आमच्या गल्लीत सख्खे भाऊ एका ताटात जेवतात, पण पिशव्या वेगळ्या ठेवतात. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, लोक ओरडले, आणि माझे कान तापले ते अजून निवले नाहीत.

खरं सांगतो ताई, आमची ही वारल्यापासून गाडीची वेळ सोडली तर दिवसभर माझ्याशी कोणी बोलत नसे. बुधवार-रविवार घर खायला उठतं. तुझ्या तळघरात वाटेल तेव्हा कचरा टाकता येतो, हीच त्यातली खोट आहे. वाटेल तेव्हा गेलं की कोणीच भेटत नाही.

प्रकृतीला जप. पायऱ्या हळू उतर.

तुझा,
आ-छ्वान

ता. क. खोली भाड्याने दे. हामुरोंना विचारलं होतं, पण तळघराचं ऐकून त्यांनी नाक मुरडलं.

दुसरा ता. क. आई-बाबा असते तर तेच गेले असते. आता मोठं माणूस म्हणून तूच आहेस. ज्वांगबाईंच्या दारी मिठाई घेऊन रीतसर विचारायला येशील का? सगळ्या भेटवस्तू जोडीजोडीने आण, शुभकार्य आहे. मी स्वतः बोलून पाहिलं, पण दर वेळी हवामानावर जातो. बुधवार-रविवार सोडून ये.

तिसरा ता. क. पाकीट चिकटवणार तोच गाडी आली, खाली जाऊन आलो. हामुरोंच्या पोटात काही राहत नाही. ज्वांगबाईंनी सरळ विचारलं, ताईंना लिहिलं का? मी मान डोलावली. म्हणाल्या, "मग त्यांना सांगा, गुडघे दुखत असतील तर मी स्टेशनवर घ्यायला येते, पण लवकर या म्हणावं. मोठ्या मापाच्या पिशव्यांचं पुडकं मी कालच आणलंय, आणि फोडलंसुद्धा."