बोल्टवरची पिवळी रेघ

रविवार, ५ फेब्रुवारी

प्रिय बारक्या,

आशीर्वाद. आणि मागच्या दोन पत्रांना उत्तर दिलं नाहीस म्हणून पाठीत एक धपाटा, तो भेटल्यावर देईन. आम्ही दोघं बरे आहोत. माझा खांदा थंडीत कुरकुरतो, तुझी वहिनी बारा महिने कुरकुरते. हे वाक्य तिनं आत्ता मागे उभं राहून वाचलं, त्यामुळे एक धपाटा मलाही बसलेला आहे.

फोन का करत नाही म्हणशील. फोनवर तू "हं दादा, बरंय दादा" करतोस आणि लगेच बायकोच्या हातात देतोस. पत्र तरी शेवटपर्यंत वाचशील असं धरून चालतो.

बातमी अशी, की मी गाडी घेतली. नवी नव्हे. पंचवीस वर्षांची, लांबलचक, एके काळी बड्या लोकांनाच परवडायची तसली. वहिनी म्हणाली, "या वयात लोक गुडघे दुरुस्त करून घेतात, तुम्ही हे काय आणलंत?" शेजारचे निवृत्त मास्तर गाडीभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाले, "चालते, की नुसतीच बसते?"

खरं सांगायचं तर बसतेच. हिला स्प्रिंगच्या जागी हवेच्या पिशव्या आहेत आणि मागच्या दोन्ही गळतात. सकाळी बघावं तर मागची बाजू जमिनीला टेकायला आलेली. इंजिन सुरू केलं की पंप घरघरतो, आणि पाच मिनिटांनी बाईसाहेब हळूहळू कंबर वर करतात. दार नुसतं टेकवलं तर उरलेलं ते आपणहून ओढून घेतं, आवाज न करता. म्हणजे तीन दारं घेतात, चौथं रुसलेलं आहे. छताचं कापड लोंबून माझ्या टकलाला घासतं. शेजारची सीट गरम करायची कळ दाबली की माझी सीट तापते. कोण्या शहाण्यानं वायरी उलटसुलट जोडल्यात देव जाणे. परवा तुझी वहिनी थंडी वाजते म्हणून ती कळ दाबत राहिली आणि मी शेकून निघालो.

पण बारक्या, आत बसलं की बरं वाटतं. लाकडाची पट्टी पुसली तर अजून चकाकते. कातडं फाटलंय, पण शिवण कुठंही उसवलेली नाही. काम करणाऱ्यांनी मनापासून केलंय.

एक गोष्ट मात्र मला सुटत नाही. गाडी धुतली की ड्रायव्हरच्या पायाखालचा गालिचा ओला होतो. काचेची रबरं बघितली, दाराची बघितली, बॉनेटखालची भोकं साफ केली. पाणी येतंच. मी हात टेकले. पाण्याच्या गळतीत तुझ्याइतकं डोकं कुणाचं चालायचं नाही. तुला काही सुचलं तर कळव. नाही सुचलं तरी कळव.

तुझ्या चिमणीला नोकरी लागली ते वहिनीकडून कळलं. तिला माझे आशीर्वाद सांग.

तुझा,
दादा


बुधवार, २२ फेब्रुवारी

प्रिय बारक्या,

तुझं पत्र आलं. चार पानं! आणि शेवटच्या पानावर चित्र! वहिनीनं ते मास्तरांनासुद्धा दाखवलं.

तू म्हणालास तेच निघालं. छताची काच सरकते तिच्या चारी कोपऱ्यांना पाणी वाहून जायच्या बारीक नळ्या आहेत, आणि पुढची उजवी नळी चिखलानं बंद. मी सवयीनं हवेची नळी उचललीच होती, तेवढ्यात तुझी ओळ आठवली: "हवा मारू नकोस, नळी आतल्या आत निसटेल आणि मग सगळा डॅशबोर्ड उतरवत बसशील." मग तू सांगितलंस तशी स्पीडोमीटरची जुनी केबल शोधली, हळूहळू फिरवत आत घातली. मूठभर काळा गाळ बाहेर आला. वरून तांब्याभर पाणी ओतलं, खाली चाकामागे टपटप पडलं. मी तिथंच बसून हसलो. एकोणीस वर्षं तू पान्याला हात लावलेला नाहीस, आणि तरी घरी बसल्याबसल्या, गाडी न बघता सांगितलंस.

तू दोनदा विचारलंस, गाडी कोणती, आधी कुणाची. पहिल्या पत्रात मी ते टाळलं. आता सांगतो. ती वकीलबाईंची आहे. हो, तीच. गडद हिरवी. त्या अपघातानंतर त्यांनी ती आपल्या गॅरेजला परत आणली नाही. दुसरीकडे पुढचे ब्रेक आणि मोडलेला कोपरा नवा करून घेतला, आणि पुढं ती बहुतेक झाकूनच ठेवली. आता त्या थकल्या. विकायची आहे असं कानावर आलं आणि मी गेलो. स्वस्तात मिळाली, असं वहिनीला सांगितलंय. तुला तरी खरं सांगतो, त्यांनी फुकट दिली असती तरी घेतली असती आणि दुप्पट मागितले असते तरीही. कारण विचारू नकोस एवढ्यात.

तिच्या पोटाखाली शिरलो आणि बारक्या, तिथं तू होतास.

तुला आठवतं, बोल्ट टॉर्क पान्यानं, जोर मोजून, घट्ट केला की तू पिवळ्या रंगाची बारीक रेघ ओढायचास, अर्धी बोल्टच्या डोक्यावर, अर्धी खालच्या लोखंडावर? बोल्ट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटून दिसावी म्हणून. बाकीची पोरं तुला "चित्रकार" म्हणून चिडवायची आणि मी म्हणायचो, चित्रकार, आटपा, गिऱ्हाईक उभं आहे. गिअरबॉक्सच्या खाली सहा बोल्ट, सहा रेघा. मागच्या शाफ्टला आठ. स्टिअरिंगच्या दांड्याला दोन, तिथं तर हात जायलासुद्धा जागा नाही, कसा पोचलास तूच जाणे. चिखल खरवडला, चिंधीनं पुसलं. एकूणएक रेघ सरळ आहे. एकही बोल्ट हललेला नाही.

मी बराच वेळ खाली पडून राहिलो. वहिनी हाक मारायला आली, तिला वाटलं मला काही झालं. तिनं पाय धरून ओढलं तेव्हा बाहेर आलो.

आणखी लिहायचं होतं, पण आज नको. पिशव्या मागवल्या आहेत, आल्या की मागची बाजू घेईन. चौथ्या दाराच्या मोटरबद्दल तुझं काय म्हणणं?

तुझा,
दादा


गुरुवार, ९ मार्च

बारक्या,

तुझं पत्र काल दुपारी आलं. त्यातल्या तीन ओळी मी इथं उतरवतो, कारण त्या मला पाठ झाल्या आहेत. "दादा, ती गाडी घेतलीस म्हणून राग नाही. पुढच्या रविवारी रजा टाकून येतो, दोघं मिळून करू. आणि वकीलबाईंकडे मला एकदा घेऊन चल, त्यांची माफी मागायची राहिलीय, ती मागून टाकतो."

तू माफी मागणार. त्यांच्या दारात उभं राहून, तू.

नाही बारक्या. हे मी होऊ देणार नाही. म्हणून आज जे लिहायचं ते लिहितो आणि हे पत्र वहिनीच्याच हातानं टाकायला देतो, म्हणजे मला वाटेत फाडता येणार नाही. तिला काल सांगितलं. ती माझ्याशी बोलत नाही.

त्या दिवशी चिमणी तापानं फणफणली होती. चार वर्षांची होती. तुझ्या बायकोचा फोन आला आणि तू जेवणाच्या सुट्टीतच घरी गेलास. जाताना म्हणालास, "दादा, पुढचे ब्रेक झालेत, फक्त चक्कर मारून बघ." आठवतं? तुला नसेल आठवत. नंतर तुला काहीच नीट आठवेना.

मी चक्कर मारली. ब्रेक लागत होता, नुसता डाव्या चाकातून किरकिर आवाज येत होता. पॅड नवे असले की येतो, दोन दिवसांत जातो, हे मला ठाऊक होतं. पण वकीलबाई कटकटी म्हणून नावाजलेल्या, आणि पाचला यायच्या होत्या. मी म्हटलं, पॅडच्या मागं जरा ग्रीस लावून टाकू. चाक काढलं. ब्रेक धरून ठेवणारे तुझे दोन्ही बोल्ट खोलले. तुझ्या रेघेसकट. ग्रीस लावलं, बोल्ट हातानं बसवले, टॉर्क पाना आणायला वळलो, आणि मालकांनी वर बोलावलं. मला मॅनेजर करायचं त्यांच्या मनात होतं, त्याचंच बोलणं निघालं. अर्ध्या तासानं खाली आलो तो हवेत. चाक चढवलं, गाडी पुसायला लावली. पाना आणलाच नाही.

आठ दिवसांनी उतारावर ब्रेक निसटला, गाडी आदळली आणि वकीलबाईंचा गुडघा मोडला.

इथवर चूक होती. चूक माणसाच्या हातून होते, आणि एवढंच असतं तर तुला कधीचं सांगून मोकळा झालो असतो. पुढचं ऐक.

गाडी ओढून आणली तेव्हा ती आधी मी एकट्यानं बघितली. खालचा बोल्ट पडून गेला होता. वरचा लटकत होता, आणि त्याच्यावर तुझी रेघ होती. तुटलेली. बोल्टवरचा तुकडा एकीकडे, लोखंडावरचा दुसरीकडे. गॅरेजमधल्या कुणालाही दाखवली असती तरी त्यानं सांगितलं असतं की चित्रकारानं हा घट्ट केला होता, नंतर कुणीतरी खोलला. आणि नंतर हात लावणारा मी एकटा होतो.

मी चिंधीला थिनर लावलं आणि दोन्ही तुकडे पुसले.

मालक खाली आले. त्यांनी वाकून बघितलं आणि मला विचारलं, "त्याची रेघ आहे का रे?" मी म्हटलं, नाही.

भीती वाटली. याला दुसरं कारण मी एकोणीस वर्षं शोधतोय, सापडलेलं नाही. मोठेपणा जाईल, पोलीस येतील, वहिनी काय म्हणेल. तू धाकटा आहेस, तुला चार शब्द बोलून सोडून देतील, मी मध्ये पडून सांभाळून घेईन, असं मनाला समजावलं. तुला काढून टाकलं तेव्हा मी मध्ये पडलो नाही. दोन महिन्यांनी मॅनेजर झालो.

तू भांडला असतास तर बरं झालं असतं. मी रोज वाट बघत होतो, तू येशील, कॉलर धरशील, म्हणशील मी घट्ट केला होता. तू आलास आणि माझे दोन्ही हात धरून म्हणालास, "दादा, पोरीच्या काळजीत माझ्याच हातून राहिलं असणार. तुझी मान खाली गेली माझ्यामुळे." आणि मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला. तो हात तेव्हाच गळून का पडला नाही!

राहिलं नव्हतं बारक्या. तू दोन्ही बोल्ट घट्ट केले होतेस.

आज सकाळी वकीलबाईंकडे जाऊन हे सगळं सांगितलं. त्यांनी काठी बाजूला ठेवली आणि ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुमचा भाऊ आता काय करतो?" मी म्हटलं, औषधांच्या गोदामात खोकी लावतो. त्या म्हणाल्या, "माझा गुडघा सहा महिन्यांत सरळ झाला हो." मग आत निघून गेल्या. मी आपला बाहेर आलो. मालक अजून आहेत, त्यांनाही लिहिलंय, सहीनिशी. त्या पत्राची एक प्रत यासोबत घातली आहे. चिमणीला दाखव. बाप हलगर्जी म्हणून गॅरेजमधून निघाला, असं ऐकत ती वाढली.

रविवारी ये, असं म्हणायला तोंड नाही. आलास तर दार उघडं आहे, आणि कॉलर धरायची असेल तर तीही आहे. नाही आलास तर मी विचारणार नाही. मागच्या दोन पत्रांत तुझं अक्षर मला इतक्या वर्षांनी मोकळं दिसलं होतं, आणि आता तेही मीच घालवतोय. ते घालवून का होईना, हे तुला कळायला हवं होतं. एकोणीस वर्षांपूर्वी कळायला हवं होतं.

एक शेवटचं. तुझी बायको परवा फोनवर वहिनीला सांगत होती, की तू झोपायच्या आधी गॅसचा कॉक बंद करतोस, मग उठून बघतोस, परत उठून बघतोस, पहाटे तिसऱ्यांदा जातोस. तिला वाटतं, हा तुझा स्वभावच आहे. तो स्वभाव नाही, ती माझी करणी आहे.

आजपासून एकदाच बघ. तू बंद केलेला असतो.

दादा म्हणवून घ्यायची लाज वाटणारा,
तुझा भाऊ