चार दिवस समुद्रावर

नाराकूर्ट,
३ ऑगस्ट

प्रिय इव्होन,

'प्रिय' लिहिताना हात अडला. पण सख्ख्या बहिणीला दुसरं काय लिहितात ते मला ठाऊक नाही.

ग्लेनच्या नि माझ्या लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून तू आम्हाला समुद्रकाठी रोबला चार दिवस भाड्यानं घर घेऊन दिलंस. "बाबांजवळ मी राहते. तू नुसती जा, आणि फोन करत बसू नकोस," म्हणालीस. मी तुझ्या गळ्यात पडून रडले होते. आठवतंय ना? मला फार आठवतंय.

जुलैत, ऐन थंडीत, रोबला कुत्रंसुद्धा फिरकत नाही. निम्मी दुकानं बंद, शेवंडांच्या बोटी धक्क्याला बांधलेल्या, आणि वारा असा की मोटारीचं दार दोन्ही हातांनी लावावं लागे. पहिल्या दिवशी दुपारी आडवी झाले ती अंधार पडल्यावरच उठले. ग्लेननं लाकडं पेटवून खोली उबदार केली होती, कागदात बांधलेले तळलेले मासे आणले होते. मेंढ्या, कुंपण आणि बाबांची औषधं सोडून आम्ही दोघं किती वर्षांत काही बोललोच नव्हतो. दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर चालताना तो एकदम म्हणाला, "हसलीस की तुझा तो वाकडा दात दिसतो. विसरूनच गेलो होतो बघ." पंचावन्न वर्षांची बाई मी, चक्क लाजले. ते सुख खरं होतं, इव्होन. ते तू दिलंस, आणि आता ते आठवावंसंही वाटत नाही.

घरी आलो तर ओटा लख्ख, बाबांच्या पलंगावरची चादरसुद्धा काढलेली. आणि किटलीखाली तुझी चिठ्ठी: 'त्यांना ॲडलेडला चांगल्या वृद्धाश्रमात ठेवलंय. आता तुम्ही दोघं जगा. रागावू नकोस.' ग्लेननं ती दोनदा वाचली आणि बाहेर जाऊन उभा राहिला. बाबांचे बूट दाराशी तसेच होते. माणसाला बूट न घालता नेलंस?

फोनवर तू म्हणालीस, "अगं, वाळून काडी झालीस तू. मे महिन्यात त्यांनी गॅस चालू ठेवला होता, विसरलीस?" नाही विसरले. मीच बंद केला होता. आई आजारी पडली तेव्हा तुझी परीक्षा होती, म्हणून शाळा मी सोडली. त्याबद्दल मी तुला कधी बोलले नाही, आणि आजही बोलायचं नव्हतं, पण बोलले. मला विचारलं असतंस तर कदाचित मी हो म्हटलं असतं. मी नाही म्हणेन म्हणूनच तू विचारलं नाहीस ना?

गेल्या रविवारी मी त्यांना भेटून आले. त्यांची मिशी काढून टाकलीय तिथल्या बायकांनी, खाताना सांडतं म्हणून. चाळीस वर्षं मेंढ्यांची लोकर कातरली त्या माणसानं, आणि स्वतःची मिशी कुणाला कधी कातरू दिली नाही. मला बघून म्हणाले, "आलीस? इव्होन म्हणाली तुला माझा कंटाळा आलाय, म्हणून समुद्रावर गेलीस." हे खरंच बोललीस तू, की त्यांनी तसं समजून घेतलं, ते मला कळवू नकोस. दोन्हीपैकी एकही मला ऐकवणार नाही.

आता एक सांगते, जे ग्लेनशिवाय कुणाला ठाऊक नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला होता. अनोळखी नंबर, ॲडलेडचा. ग्लेन म्हणाला, "राहू दे गं, एवढे चार दिवस आपले." मी हसले आणि फोन पालथा घातला. परत वाजला, तेव्हाही उचलला नाही. बाबा होते. तिथल्या बाईनं सांगितलं, त्यांना आपल्या घरच्या फोनचा नंबर आठवेना, माझा मात्र तोंडपाठ होता. तेव्हा तुझ्यावरचा सगळा राग तुझाच आहे असं समजू नकोस. त्यातला थोडा माझा स्वतःवरचा आहे, पण तोही तुलाच पाठवतेय.

त्याच रविवारी त्यांना घरी आणायला मी कोट घालून तिथल्या दारात उभी होते. तिथली बाई अदबीनं म्हणाली, "मुखत्यारपत्र तुमच्या बहिणीच्या नावावर आहे. त्यांची सही लागेल." बाबांनी ते तुझ्या नावावर केलं, कारण तू शिकलेली. सोबत फॉर्म आहे. खाली जिथं पेन्सिलीनं फुली केलीय तिथं सही कर. मला तुझ्याकडे काही मागायचं नव्हतं, आयुष्यात परत कधीच नव्हतं मागायचं. तरी मागते आहे. गुरुवारी मी त्यांचे बूट घेऊन तिथं येतेय. सही केलेला फॉर्म तोवर तिथं पोचलेला असू दे. तू स्वतः तिथं नसलीस तर बरं, आणि असलीस तर बाबांसमोर मी तुझ्याशी नीट बोलेन, एवढा शब्द देते.

तुझीच, दुसरी कुणी होता येत नाही म्हणून,
मार्लीन