ओकाचं जुनाट दुखणं

३ मे
चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. समोरच्या इंजिनिअरनं कारंजं बसवलं म्हणून मी आईच्या खिडकीशी शोभेचा ओक लावला, हे तू जाणतेसच. आता त्याच्या पानांवर पांढरी पूड धरली आहे. मला घास गोड लागत नाही. सख्ख्या बहिणीची रोपवाटिका असताना भावाचं झाड आजारी पडावं, लोक काय म्हणतील? उलट टपाली औषध कळव. आई बरी आहे. माझ्यावर आहे तेवढाच लोभ झाडावरही असू दे.
तुझा दादा

१० मे
ती. दादास,
शि. सा. न. वि. वि. ती भुरी आहे. फांद्या थोड्या विरळ कर, रोगट पानं गोळा करून जाळ, पाणी मुळाशी घाल. कोणी दगावणार नाही, तूही नाही. झाडाचं एवढं पुराण आणि आईबद्दल तीन शब्द? पाय मोडल्यापासून ती खाटेवर एकटी असते. मी तिला न्यायला येते.
तुझी धाकटी

२४ मे
चि. धाकटीस,
अ. आ. भुरी गेली आणि झाडाला फळं धरली. गोल, गुलबट, सुपारीएवढी. इंजिनिअरला बशीतून मुद्दाम नेऊन दिली. त्यानं एक फोडलं तर आत अळी. हल्ली तो फारच हसतमुख झाला आहे. हा काय प्रकार, लगेच कळव. आईला खुशाल ने, तेवढाच तिला बदल.
तुझा दादा

२५ मे
चि. धाकटीस आईचे अनेक आशीर्वाद.
मला न्यायला येऊ नकोस. रिटायर झाल्यापासून हा घरात असून नसल्यासारखा होता. झाड आजारी पडलं तसा रोज खिडकीबाहेर उभा राहून पानं बघायला लागला, आणि बघता बघता माझ्याशी बोलायला. शाळेतून आल्यावर बोलायचा तसा. भुरी गेली आणि फिरकेनासा झाला. हा ज्यांना फळं म्हणतो त्या गाठी आल्या तेव्हा, आता पुन्हा येईल म्हणून, मला इतकं बरं वाटलं. त्या साध्या असल्या तरी त्याला तसं कळवू नकोस.
तुझी आई

१ जून
ती. दादास,
शि. सा. न. वि. वि. ती फळं नव्हेत. बारीकशी माशी पानात अंडी घालते, तिथे झाड अशा गाठी धरतं. दुखणं जुनाट आहे. औषध मारू नकोस. रोज सकाळ-संध्याकाळ नजर ठेवावी लागेल, आणि तीही खिडकीच्या आतून, आईच्या खाटेवर बसून. मध्ये खंड नको. आई आहे तोवर हे बरं होणार नाही.
तुझी धाकटी