खुंटीवरचा उष्टा नान

३ ऑक्टोबर
काल पलीकडच्या गावात, चौकातल्या लोकांवर गोळ्या चालल्या. मी अंगणात वाळलेले जर्दाळू निवडत होते, नदी ओलांडून इथवर आवाज आला. लोक भाव वाढले म्हणून बसले होते, मग तुरुंगातल्यांना सोडा म्हणू लागले. दुपारी आमच्या बाजूनं पूल बंद झाला. ह्यांनीच केला. सीमेवरच्या या तालुक्याचे अधिकारी हेच, दुसरं कोण करणार?

आमची लेक झुल्हुमोर पलीकडेच, सासरी आहे. आठवा महिना चालू. फोन लागत नाही.

४ ऑक्टोबर
चुलीशेजारच्या खुंटीला तिचा नान टांगलेला आहे. ईदेला माहेरी आली होती, निघताना नेहमीसारखा एक घास घेतला. उरलेला फडक्यात बांधून ठेवायचा, कुणी हात लावायचा नाही. परत आली की तिनंच संपवायचा; घास ठेवून गेलेलं माणूस परततं म्हणतात. दर वेळी हे थट्टा करतात — "उंदरांची सोय केलीस बघ."

आज ह्यांनी नुसतं खुंटीकडे बघितलं, पाणी प्यायले आणि कामावर गेले.

६ ऑक्टोबर
रेडिओवर आमच्या सरकारचं निवेदन. शेजारी देशाची ही अंतर्गत बाब आहे, आम्ही लक्ष ठेवून आहोत म्हणे. लक्ष ठेवून करणार काय, तेवढं सांगायचं राहिलं!

जेवताना मी तोंड उघडलंच.

"शेजाऱ्याच्या घरात भांडण चालू असताना मध्ये पडू नये," हे म्हणाले.

"नका पडू. आपलं दार तरी उघडं ठेवा. कुणी पळत आलं तर जाईल कुठे?"

"हिवाळ्यात गॅस त्यांच्याकडून येतो, विसरलीस? आणि आपण त्या पोरांची बाजू घेतली ना, की उद्या त्यांनाच परक्यांचे हस्तक ठरवतील. आपल्या टाळ्या त्यांच्या अंगाशी येतील."

खरं आहे ते. म्हणून तर जास्त राग आला. खोटं असतं तर मनसोक्त भांडले असते. पण टाळ्या मागितल्यात कुणी? पुलावरून चालत यायला टाळ्या लागत नाहीत.

७ ऑक्टोबर
फोन लागला! जावई, बोतिर, त्या दिवशी चौकात गेला तो परत आलेला नाही. झुलू दवाखाने पालथे घालतेय — तसलं पोट घेऊन. मी म्हटलं, पुलापाशी ये, मी बघते.

"त्याला टाकून येऊ? आणि आई, बाबांना माझ्यासाठी काही करायला सांगू नकोस हं. लोक म्हणतील, मुलीसाठी पूल उघडला."

गाढव कुठली. अगदी बापावर गेलीय.

८ ऑक्टोबर
राजधानीतून ह्यांचं मत मागवलंय — पूल उघडावा का. हे दिवसभर द्राक्षांच्या वेलींना पाणी घालत बसले. द्राक्षं कधीच उतरवून झालीत, आता पाणी कशाला! मी चहा नेऊन दिला.

"कळत नाही गं," म्हणाले. "मी लिहीन ते अधिकाऱ्याचं मत असेल की बापाचं? झुलू तिकडे नसती तर काय लिहिलं असतं मी?"

इतका भांबावलेला चेहरा मी ह्यांचा कधी पाहिला नव्हता. फार माया आली. शेजारी बसले.

"बाप असणं म्हणजे काही गुन्हा नाही," मी म्हटलं. "त्या काठावर सगळ्यांच्याच झुलू आहेत."

चहा गार झाला. मग लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. कोण बरोबर, कोण चूक, यावर आपण बोलू नये. गोळ्या थांबवा, एवढं मात्र उघड सांगावं. येईल त्याला येऊ द्यावं, जखमींना आधी. आलेल्या कुणाला परत हाकलू नये.

मी काही बदलायला सांगितलं नाही.

९ ऑक्टोबर
पुढील आदेशापर्यंत थांबा, असं उत्तर.

१० ऑक्टोबर
पलीकडच्या काठावर सकाळपासून बायका उभ्या होत्या, मुलं कडेवर घेऊन. दुपारी ह्यांनी पूल उघडला.

"सोबिरसाहेब, आदेश कुणाचा लिहू?" शिपायानं विचारलं म्हणे.

"माझं नाव लिही."

सगळी गल्ली सांगत होती मला. गल्लीतले सगळे तंदूर पेटले, आलेल्यांसाठी नान भाजून भाजून हात पोळले. येणारीचं तोंड बघायचं, पुन्हा पुढचीचं बघायचं. झुलू नाही.

एका बाईनं सांगितलं, बोतिर सापडलाय. पायात गोळी आहे. झुलू दवाखान्यात त्याच्या उशाशी बसलीय. जखमींना तिथून पकडून नेतायत, पण तो चालू शकत नाही आणि ती त्याला सोडत नाही.

 निजताना हे म्हणाले, "उद्या तंदुरातला पहिला नान मला दे." बरं वाटलं. कालपासून नीट जेवले नव्हते.

११ ऑक्टोबर
टेबलावर ह्यांची कामावरची टोपी आणि सरकारी ओळखपत्र आहे.

खुंटीवर दोन नान आहेत. दुसऱ्याचा घास डाव्या बाजूनं घेतलाय. उजवीकडे ह्यांना दात नाहीत.