मधलं ज्याचं त्याने वाचावं

३ जानेवारी
साडू जेवायला आले होते. गेल्या वर्षी काय काय वाचलं ते ताट वाळेपर्यंत सांगत होते. खोल समुद्रातले मासे, पुलांचं बांधकाम, कुणा सर्जनचं आत्मचरित्र. कादंबऱ्यांना आपण हात लावत नाही म्हणे, वेळ जातो. मग मला विचारलं, तुम्ही काय वाचता? मी म्हणालो, रिपोर्ट. सगळे हसले. ही सगळ्यांत जास्त हसली.
संकल्प: या वर्षी वाचन. नुसतं नाही, विविध. साडूंसारखं एकांगी नाही.

४ जानेवारी
हिच्याकडे वाचनालयाचं कार्ड आहे, लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासूनचं. एका वेळी दोन पुस्तकं मिळतात: एक कादंबरी, एक माहितीपर. आजवर दोन्ही हीच वाचायची. म्हटलं, यापुढे माहितीपर माझं. ही म्हणाली, न्या, पण कार्ड जपा हं, या घरात माझ्या नावावर तेवढं एकच आहे.
वीज, गॅस, फोन माझ्या नावावर आहेत हे खरं. त्यात जपण्यासारखं काय, कळलं नाही.
मधमाश्यांवरचं जाडजूड पुस्तक आणलं.

९ जानेवारी
मधमाश्या, पान ११. राणीमाशी अजून अंड्यात.

१२ जानेवारी
पान ११. चष्म्याचा नंबर वाढला असावा. खुर्चीही बरोबर नाही. पाठीमागून उजेड येत नाही.

१५ जानेवारी, दुपारी, ऑफिसात
साक्षात्कार! विम्याच्या दाव्यांचे रिपोर्ट मी इतकी वर्षं पास करतोय, पण वाचतो फक्त शेवटचं पान. आग कशी लागली, कुणी पाहिली, बंब कधी आला, याच्याशी आपल्याला काय करायचंय? मंजूर की नामंजूर, बस. आजवर एकही चूक नाही. (एक झाली होती. ती टायपिस्टची.)
पुस्तकांना हाच नियम का नको?

१६ जानेवारी
मधमाश्या संपवल्या! शेवटच्या पानावर लेखकाने बायकोचे आभार मानलेत. मधमाश्यांच्या अभ्यासात पत्नीचं स्थान मोठं दिसतं.

२३ जानेवारी
आख्खं पुस्तक ऑफिसात कशाला वाहून न्यायचं? बुद्धिबळाचं शेवटचं पान हलक्या हाताने ओढलं, आलं. बाइंडिंगच कच्चं. परत करताना चिकटवणे.

३० जानेवारी
बुद्धिबळ, हिमनद्या, दातांचा इतिहास, सगळं संपवून परत केलं. तिन्हींची पानं चिकटवायची राहिली. डिंक आणणे.
निरीक्षण: माहितीपर लेखक झाडून सगळे बायकोचे आभार मानतात. हिमनद्यांचा शेवट मात्र अनपेक्षित. प्रकाशकाची इतर पुस्तकं, सवलतीत.

६ फेब्रुवारी
विविधता म्हणून आज ललित. हिची कादंबरी टेबलावर होती. कुणा घड्याळजीची आहे. शेवटचं प्रकरण हिने रविवारसाठी राखून ठेवलंय, मुलं शेवटचा घास ठेवतात तसं. पान सुटं झालं (बाइंडिंग!), बसमध्ये वाचलं. संध्याकाळी सगळा शेवट हिला सांगून टाकला, तेवढाच हिचा वेळ वाचला. ही डोकं दोन्ही हातांत गच्च धरून ऐकत होती. भारावली असावी.

७ फेब्रुवारी
कादंबरी परत करून आली. तुम्ही शेवट विसरलात की पुन्हा आणीन, म्हणाली. संपलेलं पुस्तक पुन्हा कशाला? बायकांचं वाचन शिस्तीचं नसतं.

२ मार्च
ग्रंथपाल बाई माझ्या वेगाने थक्क. वर्धापनदिनाला बोला म्हणाल्या. विषय: वाचनातली विविधता. ही म्हणाली, अहो, हात जोडते, नाही म्हणा. घरच्यांना किंमत नसते.

९ मार्च
भाषण उत्तम. साडू पहिल्या रांगेत. शेवटी एका निवृत्त मास्तरांनी विचारलं की मधमाश्यांना परतीची वाट कशी सापडते, ते सांगा. मी म्हणालो, शेवट मी सांगतो, मधलं ज्याचं त्याने वाचावं. प्रचंड हशा. साडूंना ठसका लागला, पाणी आणावं लागलं. ग्रंथपाल बाई मात्र हसल्या नाहीत. उठून कपाटाकडे गेल्या.

११ मार्च
चार पुस्तकांना शेवटचं पान नाही. चारही आमच्या कार्डावर. बाईंनी हिला बोलावून घेतलं. पुस्तकं आणि डिंकाची बाटली हातात दिली. महिनाअखेरपर्यंत चारही पानं जागेवर दिसली पाहिजेत, नाहीतर कार्ड बंद.
मी हिला बाइंडिंगबद्दल समजावलं. ही स्वयंपाकघरात निघून गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं. चहा झाला की नाही, हे मला किटलीवर हात ठेवून बघावं लागलं.

१४ मार्च
तीन पानं मिळाली. एक ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, एक छत्रीत, एक चष्म्याच्या डबीत. चिकटवली. दातांचं पान बुद्धिबळाला लागलं, ते सोडवून परत लावलं. पंचाहत्तर टक्के काम फत्ते. हिला सांगितलं. ही म्हणाली, आणि कादंबरीचं?

१५ मार्च
कादंबरीचं पान करड्या पँटच्या खिशात होतं. पँट तेव्हापासून बऱ्याचदा मशीनमधून निघाली आहे. खिशात कडक गोळी आहे. भिंगातून एक शब्द लागतो: 'म्हणून'.

१६ मार्च
हरकत नाही. पान मीच लिहून काढतो. मी ते वाचलेलं आहे, हे विसरून कसं चालेल? घड्याळजी असतो. दारावर कुणीतरी येतं. बहुतेक. सुवाच्य अक्षरात लिहून चिकटवलं की बाईंना कळणारही नाही.

१७ मार्च
तीन मसुदे. तिसऱ्यात दारावर विम्याचा माणूस येतो. ही वाचून म्हणाली, तुम्ही पुस्तक वाचा.
नुसतं शेवटचं प्रकरण पुरेल.

१८ मार्च
नाही पुरत. त्याआधीचं लागतं. त्याला त्याआधीचं. पान एकपासून सुरुवात.

२१ मार्च
घड्याळजी आणि धाकटा भाऊ. एका शब्दावरून बिनसलेलं. भाऊ घर सोडून जातो, घड्याळजी त्याचं घड्याळ दुरुस्त करून खिळ्याला लावून ठेवतो आणि रोज चावी देतो. आज बसचा स्टॉप चुकला. दोनदा.

२४ मार्च
ऑफिसात फाइलमध्ये घालून वाचतोय. साहेब म्हणाले, आज रिपोर्ट फार बारकाईने बघताय. चूक त्या भावाची नव्हतीच हो! हे कुणाला सांगू? हिला सांगायला गेलो. ही म्हणाली, कुठवर आलात? लग्नापर्यंत, म्हटलं. मग पुढे बघा, म्हणाली. बऱ्याच दिवसांनी एवढी बोलली.

२८ मार्च
आलो! सगळं गाव झोपलंय, दुकानाच्या दारावर थाप. भाऊ? की भाऊ गेल्याची खबर? घड्याळजी उठतो. 'त्याने कडी काढली आणि'
संपलं. म्हणजे पान संपलं.

२९ मार्च
दारात कोण होतं? मी हे वाचलंय. बसमध्ये, उभ्याने. काहीही आठवत नाही. वाचनालयात दुसरी प्रत नाही. साडूंना फोन केला. म्हणाले, कादंबऱ्यांना आपण हात लावत नाही.
मग सुचलं. हिला म्हटलं, त्या दिवशी मी शेवट सांगितला होता ना तुला, काय सांगितलं होतं गं?
ही म्हणाली, मला काय माहीत? मी कान दाबून धरले होते.

३१ मार्च
ही एकटीच पुस्तकं घेऊन गेली. निकाल: कार्ड चालू, पण पुस्तकं घरी न्यायची नाहीत, तिथेच बसून वाचायची. मिस्टरांनी पायरी चढायची नाही. ही सांगताना रडेल असं वाटलं होतं. म्हणाली, खिडकीजवळची जागा मिळाली, पंखा आहे, आणि कुणी शेवट सांगत नाही. उद्यापासून रोज संध्याकाळी जाणार. जेवण झाकून ठेवलेलं असेल.

१ एप्रिल
घरी कुणी नाही. पुस्तकही नाही. सगळीकडे शोधून एकच वाचण्यासारखं सापडलं, वॉशिंग मशीनचं माहितीपत्रक. ठरवलं, हे नीट वाचायचं, पहिल्या पानापासून.
पहिल्याच पानावर, ठळक अक्षरांत: कपडे टाकण्यापूर्वी खिसे तपासावेत.